‘फॉरमॅट मारून टाका’ म्हणण्याआधी थांबा!



घरातला कॉम्प्युटर सुरू होईना झाला की आपल्याकडे पहिला सल्ला कोणता मिळतो? “फॉरमॅट मारून टाका.” शेजारचा मुलगा हेच सांगतो, भाचा हेच सांगतो, दुकानातला टेक्निशियनही बऱ्याचदा हेच सांगतो. माझं मत स्पष्ट आहे. घरातून धंदा करणाऱ्या माणसाला यापेक्षा महाग सल्ला दुसरा मिळू शकत नाही. फॉरमॅटचे पाचशे-सातशे रुपये गेले तर गेले. पण त्याबरोबर तुमची बिलं, उधारीची यादी, गिऱ्हाइकांचे नंबर आणि वर्षभराचा हिशोब गेला, तर तो कुठल्या दुकानात विकत मिळणार आहे?

आपल्या मावळ-लोणावळ्याकडेच बघा. कुणी पवना धरणाजवळ होमस्टे चालवतंय, कुणी लोणावळ्यात चिक्की आणि फज पॅक करून कुरिअरने पाठवतंय, कुणी कामशेतहून इंद्रायणी तांदूळ थेट पुण्याच्या सोसायट्यांत देतंय, कुणाचं तळेगावकडे फुलांचं पॉलिहाऊस आहे. यातल्या बहुतेकांचं ‘ऑफिस’ म्हणजे घरातला एक टेबल आणि त्यावरचा एकच कॉम्प्युटर. त्यावर मुलगा अभ्यास करतो, बायको किंवा नवरा सिनेमा बघतो आणि त्यावरच टॅलीही असते. तो एक डबा बंद पडला की अख्खं ऑफिस बंद.

आता समजा, महिन्याची १९ तारीख आहे. जीएसटीआर-३बी भरायची तुमची शेवटची तारीख २०. सकाळी बटण दाबलं, पंखा फिरला, स्क्रीन काळीच. तुम्ही घाबरता, कॉम्प्युटर उचलून दुकानात नेता आणि म्हणता, “काहीही करा, पण संध्याकाळपर्यंत चालू करून द्या.” त्या ‘काहीही करा’ मध्येच सगळा घोटाळा आहे. टेक्निशियन वाईट माणूस नसतो. तुम्ही त्याला मशीन चालू करायला सांगितलं, त्याने चालू केलं. आत काय महत्त्वाचं आहे हे तुम्ही सांगितलंच नाही, मग त्याला कसं कळणार?

फॉरमॅट म्हणजे दुरुस्ती नव्हे

कॉम्प्युटर सुरू न होण्याची कारणं अनेक असतात. वायर सैल असेल, रॅम नीट बसली नसेल, पॉवर सप्लाय गेला असेल, डिस्क मरायला टेकली असेल, किंवा विंडोजचं एखादं अपडेट अर्धवट राहिलं असेल. फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकणं हा उपाय यातल्या फक्त शेवटच्या प्रकाराला लागू पडतो, आणि तिथेही तो शेवटचा उपाय असतो. रॅम सैल असताना फॉरमॅट करायचा म्हणजे दाराची कडी बिघडली म्हणून घर पाडायचं.

एक मोठं उदाहरण सांगतो. १९ जुलै २०२४, शुक्रवार. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीचं एक सदोष अपडेट जगभर गेलं आणि विंडोजवर चालणारे कॉम्प्युटर सुरू होता होता निळ्या स्क्रीनवर अडकून परत परत रीस्टार्ट व्हायला लागले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे अशी मशीन्स सुमारे ८५ लाख होती. विमानतळ ठप्प झाले. आपल्या देशात काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. आणि उपाय काय निघाला? कॉम्प्युटर सेफ मोडमध्ये सुरू करायचा, एक ठरावीक फाइल काढून टाकायची आणि पुन्हा चालू करायचा. एक फाइल! त्या दिवशी घाबरून जो फॉरमॅट करत सुटला असता, त्याने चालू होऊ शकणारं मशीन स्वतःच्या हाताने रिकामं केलं असतं.

यातून छोट्या उद्योजकाने एवढंच घ्यायचं: मशीन बंद दिसतं म्हणजे आतलं सगळं गेलं असं नसतं. बहुतेक वेळा डेटा जागेवर सुखरूप असतो. तो जातो आपल्या घाईने. त्यातही नवीन कॉम्प्युटरमध्ये एसएसडी असेल तर जास्त सांभाळा. जुन्या हार्ड डिस्कवरून फॉरमॅटनंतरही कधी कधी फाइल्स परत काढता येतात. एसएसडीवर मात्र पुसलेली जागा आतल्या आत साफ करण्याची सोय असते, त्यामुळे तिथून परत मिळण्याची आशा फार कमी.

“पण मी मेकॅनिक कशाला होऊ?”

हा प्रश्न मला नेहमी येतो, आणि तो बरोबर आहे. तुमचं काम धंदा करायचं. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसायचं नाही.

पण खंडाळ्याचा घाट उतरणारा ड्रायव्हर बघा. तो मेकॅनिक नसतो. तरी ब्रेक तापल्याचा वास त्याला लगेच कळतो, गाडी कुठे बाजूला घ्यायची हे कळतं आणि गॅरेजवाल्याला नेमकं काय सांगायचं हेही कळतं. तेवढंच कॉम्प्युटरचं ज्ञान तुम्हाला हवं. ज्या यंत्रावर आपली रोजी-रोटी आहे, त्याचं लक्षण ओळखणं हे मालकाचं काम आहे. उपचार डॉक्टर करेल, पण कुठं दुखतंय हे तर पेशंटनेच सांगायचं ना?

म्हणून आधी लक्षण बघा. चारच प्रकार लक्षात ठेवा.

पहिलं लक्षण: काहीच होत नाही. लाइट नाही, पंखा नाही, आवाज नाही. इथे संशय विजेवर घ्या. त्या प्लगमध्ये मोबाइलचा चार्जर लावून बघा. एक्स्टेंशन बोर्ड आणि यूपीएस बाजूला काढून कॉम्प्युटर थेट भिंतीच्या प्लगला लावा. कॅबिनेटच्या मागे, वायर लागते तिथे एक छोटं बटण असतं. साफसफाई करताना ते बंद झालेलं असू शकतं. लॅपटॉप असेल तर चार्जर काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग चार्जर लावून पुन्हा चालू करा. यात बरीच मशीन्स जागी होतात. जळका वास येत असेल किंवा लॅपटॉपची बॅटरी फुगलेली दिसत असेल तर मात्र हात लावू नका, चालू करायचा प्रयत्नही करू नका. आणि पॉवर सप्लायचा डबा घरी कधीही उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्यात शॉक बसण्याइतकी वीज राहू शकते.

दुसरं लक्षण: पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी. आधी मॉनिटरची वायर दोन्ही बाजूंनी काढून घट्ट बसवा. मॉनिटर योग्य इनपुटवर आहे का बघा. बीप-बीप असा आवाज येत असेल तर तो मोबाइलवर रेकॉर्ड करा. किती वेळा आणि किती लांब बीप, यावरून जाणकाराला बिघाडाचा अंदाज येतो. अशा वेळी दोष बऱ्याचदा रॅमचा असतो. प्लग काढून, रॅमची पट्टी बाहेर काढून, तिचे सोनेरी दात खोडरबराने हलके पुसून परत बसवणं हा आपल्याकडचा जुना आणि उपयोगी उपाय आहे. स्वतः करायची भीती वाटत असेल तर करू नका. पण “रॅम काढून बसवून बघितली का?” एवढं विचारता आलं तरी पुष्कळ.

तिसरं लक्षण: कंपनीचा लोगो येतो, मग काळ्या स्क्रीनवर इंग्रजी ओळ. या ओळीचा फोटो काढा, मगच पुढचं बोला. ‘बूटेबल डिव्हाइस सापडलं नाही’ अशा अर्थाचं काही लिहिलं असेल तर आधी लावलेला पेन ड्राइव्ह काढा. कॉम्प्युटर कधी कधी त्यालाच डिस्क समजून बसतो. तरीही तेच दिसलं तर डिस्कची वायर सैल आहे किंवा डिस्क आजारी आहे. आणि डिस्कमधून टक-टक असा आवाज येत असेल तर ताबडतोब बंद करा. परत परत चालू करून बघणं म्हणजे मोडलेल्या पायाने पळायला लावणं.

याच प्रकारात एक गंमतशीर बिघाड येतो. दरवेळी तारीख-वेळ चुकते आणि ‘एफ-१ दाबा’ असं येतं. यात दोष असतो मदरबोर्डवरच्या सीआर २०३२ या बटणाएवढ्या सेलचा. शंभर रुपयांच्या आत येतो. पण तो संपला की तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की बँकेची, जीएसटीची साइट ब्राउझर उघडू देत नाही. मग लोक म्हणतात नेट खराब आहे, व्हायरस आहे, फॉरमॅट मारा. खरा खर्च एका सेलचा!

चौथं लक्षण: विंडोजपर्यंत जातो आणि अडकतो. गोल फिरत राहतं, निळी स्क्रीन येते किंवा परत परत रीस्टार्ट होतो. अपडेट चालू असल्याचं दिसत असेल तर आधी धीर धरा, जेवून या. अपडेटच्या मध्येच बटण दाबून बंद करणं हे अनेक बिघाडांचं मूळ आहे. बराच वेळ काहीच हललं नाही, तर पॉवर बटण दाबून धरून बंद करा आणि सुरू करा. सलग दोन-तीनदा सुरू होण्यात अपयश आलं की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा मेनू दाखवतं. तिथे ट्रबलशूट, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स. त्यात स्टार्टअप रिपेअर आहे, नुकतंच आलेलं अपडेट काढायची सोय आहे, सिस्टिम रिस्टोअर आहे आणि स्टार्टअप सेटिंग्जमधून सेफ मोड आहे. या चारही गोष्टी तुमच्या फाइल्सना धक्का लावत नाहीत. त्या करून झाल्याशिवाय ‘रिसेट’ला हात लावायचा नाही. रिसेटमध्ये ‘कीप माय फाइल्स’ निवडलं तरी तुमची बाहेरून टाकलेली सॉफ्टवेअर्स निघून जातात. टॅलीचा डेटा तर डॉक्युमेंट्सच्या बाहेर, वेगळ्याच फोल्डरमध्ये असू शकतो. तो वाचेल हे गृहीत धरू नका.

एक गोष्ट आजच करून ठेवा. नवीन लॅपटॉपमध्ये डिस्क कुलूपबंद असू शकते, त्याला बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात. बिघाडानंतर मशीन ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती साधारणपणे तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर साठवलेली असते. पण ते अकाउंट कुणाच्या ईमेलवर उघडलंय? दुकानदाराने लॅपटॉप देताना स्वतःच काहीतरी टाकून दिलं असेल तर? क्राउडस्ट्राइकच्या वेळी मोठमोठ्या कंपन्यांचाही पुष्कळ वेळ या किल्ल्या शोधण्यातच गेला. तुमची किल्ली आज शोधा, कागदावर लिहा आणि घराच्या कागदपत्रांत ठेवा.

आपल्याकडचा पाऊस आणि लाइट

पुण्यातल्या माणसाला जो त्रास नाही, तो आपल्याला आहे. लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. भिंतींना ओल येते, कपाटातल्या चपलांना बुरशी येते, मग कॅबिनेटमधल्या नाजूक दातांना ओलावा लागणार नाही का? जुलैत अचानक ‘स्क्रीन काळी’ होणाऱ्या मशीनचा पहिला संशय मी दमट हवेवर घेतो.

उपाय साधे आहेत. कॉम्प्युटर बाहेरच्या ओल्या भिंतीला आणि खिडकीला चिकटून ठेवू नका, जमिनीवर तर नकोच. पावसाळ्यात काम नसलं तरी दर दोन-चार दिवसांनी तासभर चालू ठेवा, आतल्या उबेने ओलावा कमी होतो. पाणी शिंपडलं गेलं असेल तर मात्र पूर्ण सुकेपर्यंत चालू करू नका. मे महिन्याच्या शेवटी कॅबिनेट उघडून धूळ काढून घ्या. धूळ आणि ओल एकत्र आली की चिखलच होतो.

दुसरा प्रश्न लाइटचा. गंमत बघा, लोणावळा-वळवणच्या तळ्यांचं पाणी खोपोलीला उतरवून १९१५ पासून मुंबईला वीज गेली आणि आपण मात्र वादळ झालं की मेणबत्ती शोधतो! लाइट जाण्यापेक्षा ती ज्या झटक्याने परत येते तो झटका जास्त वाईट. म्हणून यूपीएस ही चैन समजू नका. पण यूपीएस घेतलात म्हणजे झालं असंही नाही. त्याची बॅटरी काही वर्षांत थकते. महिन्यातून एकदा फाइल्स सेव्ह करून, भिंतीचं बटण बंद करून बघा, किती मिनिटं तग धरतो ते. घराचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. आणि विजा कडाडत असतील तर प्लग काढा, त्याबरोबर ब्रॉडबँडची तांब्याची वायर असेल तर तीही काढा.

दुकानात देताना हे बोला

घरचे उपाय संपले, आता टेक्निशियनकडे न्यायचंच आहे. न्या. पण ‘काहीही करा’ म्हणू नका. हे म्हणा:

“दादा, यात माझा धंद्याचा डेटा आहे. आधी डिस्क चालू आहे का ते बघा. चालू असेल तर डेटा माझ्या या एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी करा. मला फोन करा. मी हो म्हटल्याशिवाय फॉरमॅट करू नका.”

हेच वाक्य कागदावर लिहून कॅबिनेटला चिकटवा. विंडोज सुरू होत नसलं तरी डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून किंवा पेन ड्राइव्हवरून दुसरी सिस्टिम चालवून फाइल्स काढता येतात. चांगल्या टेक्निशियनला हे सहज जमतं. त्याचे जास्तीचे पैसे मागितले तर आनंदाने द्या, घासाघीस करू नका. ते तुमच्या धंद्याच्या विम्याचे पैसे आहेत.

डिस्क बदलली तर जुनी डिस्क परत मागून घ्या, मेलेली असली तरी. होमस्टेवाल्यांनो, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाहुण्यांच्या आधार कार्डांचे स्कॅन असतात. ते दुसऱ्याच्या दुकानात भंगारात पडलेले चालतील का? वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आता आपल्याकडे आहे, पण कायदा बाजूला ठेवा. पाहुण्याने विश्वासाने दिलेली वस्तू आहे ती.

आणि विंडोज नव्याने टाकायची वेळ आलीच, तर लॅपटॉपबरोबर आलेली तीच ओरिजिनल आवृत्ती टाकायला सांगा. विंडोज १० आणि ११ चं लायसन्स बहुतेक वेळा मशीनशी जोडलेलं असतं, इंटरनेट मिळालं की ते आपोआप लागू होतं. मग क्रॅक कॉपी कशाला हवी? फुकटच्या विंडोजबरोबर काय काय फुकट येतं, हे तुम्हाला बँकेच्या खात्यात समजायला नको.

सोमवार हा बॅकअपवार

इथपर्यंतचं सगळं बिघाड झाल्यावरचं. खरा शहाणपणा त्याआधीचा आहे. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशोबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपायची असतात. म्हणजे सहा वर्षं! तुमचा घरातला कॉम्प्युटर सहा वर्षं न कुरकुरता टिकेल याची हमी त्याचा कंपनीवालासुद्धा देत नाही.

म्हणून नियम सोपा ठेवा. प्रत्येक महत्त्वाच्या फाइलच्या तीन प्रती. दोन वेगळ्या प्रकारच्या जागी. त्यातली एक घराबाहेर. एक प्रत कॉम्प्युटरमध्ये, दुसरी एक्स्टर्नल डिस्कवर, तिसरी गुगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी किंवा भावाच्या घरी ठेवलेल्या दुसऱ्या डिस्कवर. आपल्याकडे शनिवार-रविवारी गर्दी असते, सोमवारी जरा उसंत मिळते. तर सोमवार हा बॅकअपवार ठरवा. कॉपी झाली की डिस्क काढून कपाटात ठेवा. कायम लावून ठेवलेल्या डिस्कवर व्हायरस आणि विजेचा झटका दोन्ही एकाच वेळी पोचतात. आणि महिन्यातून एकदा त्यातली एक फाइल उघडून बघा. न उघडलेला बॅकअप म्हणजे न मोजलेला गल्ला.

यात धंदाही आहे

शेवटी, तुमच्यातले काही जण अजून धंदा शोधताहेत, त्यांच्यासाठी. साताऱ्याजवळच्या रहिमतपूरचे कैलाश काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीची नोकरी करत होते. मग स्वतःचं दुरुस्तीचं दुकान काढलं. दुकानात येणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरसचा तोच तोच त्रास दिसायला लागला, तेव्हा त्यांचे भाऊ संजय यांनी त्यावर प्रोग्रॅम लिहिला. त्यातून क्विक हील उभी राहिली आणि २०१६ मध्ये ती कंपनी शेअर बाजारात आली. दुसरा कुणी प्रत्येक मशीन साफ करून पैसे घेत बसला असता. या भावांनी ‘हे परत परत का होतंय?’ असं विचारलं.

वडगाव, कामशेत, तळेगाव, लोणावळा या पट्ट्यात घरून चालणारे छोटे धंदे वाढताहेत. त्यांना ‘आधी डेटा, मग दुरुस्ती’ असं लेखी देणारा, पावसाळ्याआधी घरी येऊन मशीन तपासणारा, दर महिन्याला बॅकअप बघणारा भरवशाचा माणूस हवाय. हे काम प्रामाणिकपणे करणाऱ्याला गिऱ्हाईक शोधत फिरावं लागणार नाही, असं मला वाटतं.

बाकी सगळ्यांसाठी आज रात्रीचं काम फक्त तीन गोष्टींचं. टॅलीचा डेटा नक्की कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते शोधा. तो एका एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी करा. रिकव्हरी की कागदावर लिहा. अर्धा तास लागेल. मग कॉम्प्युटर बंद पडायचा तेव्हा पडो, धंदा बंद पडणार नाही.